माइकवर निसटलेला ‘तू’

एतेल्काचं तोंड चालू असतं पण एतेल्का तिथे नसते, हे आधी धक्क्यावरच्या लोकांना कळलं आणि मग कधीतरी तिला. फेब्रुवारीत तिचा गेझा गेला. त्याला माती दिली आणि पुढच्याच आठवड्यात बाई कामावर हजर. गळ्यात रुमाल, हातात पिवळी छत्री, छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर नाव आमच्या जुन्या चालीचं, ‘हाल्मोश गेझाने’, म्हणजे हाल्मोश गेझाची बायको. नवरा गेला म्हणून बिल्ला थोडाच बदलतो. एतेल्का हे नाव त्याच्यावर कधी नव्हतंच.

जर्मनीहून बोटीच्या सहलीला येणारी म्हातारी मंडळी सकाळच्या विमानाने बुडापेस्टात उतरतात. त्यांच्या बॅगा परस्पर बोटीवर जातात. माणसांना मात्र संध्याकाळपर्यंत तिथे कुणी उभं करत नाही, आधीच्या लोकांच्या चादरी बदलायच्या असतात. मधला सगळा वेळ एतेल्काच्या पदरात. बसमधून शहर दाखवायचं, कुणाला हरवू द्यायचं नाही, आणि दिवेलागणीला सगळा कळप दुनेच्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या, धक्क्यावर नेऊन सोडायचा. मग बोट व्हिएन्नाच्या वाटेला आणि एतेल्का आपल्या घरच्या.

हे बोलणं तिच्या जिभेला इतकं पाठ की मार्चमध्ये एकदा बस विमानतळाजवळच्या चौकात अडकली असताना तिने किल्ल्याची अख्खी टेकडी सांगून टाकली. डावीकडे राजवाडा म्हणाली. डावीकडे गाद्यांचं दुकान होतं. जर्मनांनी दुकानाचे फोटो काढले. कुणालाच काही खटकलं नाही. फक्त ड्रायव्हर देझोने आरशातून बघितलं आणि चौक सुटल्यावर गाडी जरा हळू घेतली.

हा देझो म्हणजे आमच्या धक्क्यावरचा सगळ्यात जुना विषय. बायको सोडून गेल्याला जमाना झाला. बारा-तेरा हंगाम तो आणि एतेल्का एकाच बसवर, आणि रोज सकाळी याचं तेच, “हात चुंबतो, हाल्मोशबाई.” आता हे आमच्याकडे शाळकरी पोरं शेजारच्या आजीला म्हणतात. एतेल्का पूर्वी फणकारायची, “अहो, मी काय तुमची आजी आहे?” अलीकडे तेवढंही म्हणत नव्हती.

बिचाऱ्याने दुसरं म्हणावं तरी काय? बाईला पुरुषाने आपणहून ‘तू’ म्हणायचं नसतं. ते बाईनेच काढायचं असतं: “चला, पेर्तू घेऊ या.” मग दोघांनी पेले उचलायचे, कोपरात कोपर अडकवायचं, आपापलं नाव सांगायचं, पेला रिकामा करायचा आणि गालाला गाल लावायचा. तिथून पुढे मरेपर्यंत ‘तू’. तोवर ‘तुम्ही’, मग भले एका पावात दोघं जेवत असा. गेझा होता तोवर देझोच्या मनात काही होतं असं मी म्हणणार नाही. धक्क्यावर बाकीचे म्हणायचे.

तर नोव्हेंबरातली ती हंगामाची शेवटची फेरी. देझोची तर नोकरीतलीच शेवटची. उद्या तो बहिणीकडे सेगेदला जाणार, कायमचा. ज्या बाईला आपण ‘तुम्ही’ म्हणतो तिला नाताळात एक कार्ड धाडता येतं. ‘तू’ असेल तर उगाच फोन करून “आज काय शिजवलंस?” असं विचारता येतं. देझोला फोन करायचा होता. हे एतेल्काला ठाऊक होतं, टपरीवाल्या पिरोश्काने तिच्या कानावर तीनदा घातलं होतं. एतेल्काने ऐकून घेतलं आणि शनिवारी बाजार बंद असतो असं कुणी सांगितल्यासारखी मान हलवली.

तिला काही वाटतच नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, खाल्लं तर पुठ्ठा चावल्यासारखं. घरी स्वयंपाकघराची खिडकी फेब्रुवारीपासून उघडी होती. गेझाला मोकळी हवा लागायची आणि एतेल्काला मानेवर वारा जरासुद्धा खपायचा नाही. दोघांचा संसार म्हणजे एकाने खिडकी उघडायची आणि दुसऱ्याने लावायची. तो गेला त्या सकाळी ती त्याने उघडलेली होती. तशीच राहिली. खालच्या मजल्यावरच्या बोरबालाबाई येऊन सांगून गेल्या, “अगं, जिन्यात गारठा येतो तुझ्या घरातून.” एतेल्का म्हणाली, “हो का?” तिला गारठा लागत नव्हता, ती काय करणार?

त्या दिवशीची मंडळी नेहमीसारखीच. वीरांच्या चौकात सगळे राजांच्या पुतळ्यांकडे पाठ करून मुतारी कुठे ते विचारत होते. एक गुलाबी गालांची बाई एतेल्काला येऊन चिकटली.

“काय सुंदर सांगता हो तुम्ही! तुमचे मिस्टर पण याच धंद्यात का?”

“नाही. ते घरी असतात.”

“अरे वा! मग स्वयंपाक तेच करत असतील.”

“खिडक्या उघडतात,” एतेल्का म्हणाली.

बाईला वाटलं विनोद आहे. ती पोट धरून हसली. देझोला जर्मन तेवढं कळतं. त्याने सिगारेट अर्ध्यात विझवली आणि बसमध्ये जाऊन बसला.

संसद झाली, बस नदीकाठच्या रस्त्याला लागली. गुलाबी बाईच्या अत्तराचा घमघमाटाने पुढच्या रांगेत बसवत नव्हतं, म्हणून देझोने आपल्या बाजूची खिडकी चार बोटं उघडली. एतेल्का त्याच्या शेजारी उभी, माइक तोंडाशी. पूल, पुराची वर्षं, गरम पाण्याची स्नानगृहं, सगळं ओळीने निघत होतं. आणि मध्येच त्याच सुरात, त्याच आवाजात, पण आपल्या भाषेत, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं ती म्हणाली:

“अरे, तू ती खिडकी लाव ना. मानेला वारा लागतोय माझ्या.”

आणि पुढे पुन्हा जर्मनमध्ये पूल.

चाळीस माणसांनी ऐकलं, कळलं एकालाच. देझोने खिडकी लावली. पुढच्या सिग्नलला हिरवा दिवा लागून मागचे भोंगे वाजेपर्यंत त्याची गाडी जागची हलली नाही.

एतेल्काला पत्ताच नव्हता. साखळी पुलाच्या तोंडाशी सगळे उतरले. तिथे चार दगडी सिंह आहेत, आणि त्यांची गोष्ट ऐकल्याशिवाय आजवर एकही पाहुणा बोटीवर चढलेला नाही: म्हणे शिल्पकार त्यांना जीभ बसवायलाच विसरला. एतेल्का सांगत होती, “तर मंडळी, सगळं आहे, आयाळ आहे, नखं आहेत, पण जीभ...” आणि ती थांबली.

जीभ.

काय म्हणाले मी मघाशी?

लोक वाट बघत होते. एका आजोबांनी पुढे होऊन सिंहाच्या जबड्यात डोकावलं. “आहे की हो जीभ! मला दिसतेय!” मग सगळेच डोकवायला लागले, त्यांच्यात वाद जुंपला, आणि एतेल्काकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. तिने मानेवर हात ठेवून पाहिला. मान गार होती. वारा लागला होता, हे खरंच होतं.

किल्ल्यावर पाहुण्यांना तासभर मोकळं सोडतात. ते कोळ्यांच्या बुरुजावर फोटो काढतात, मसाल्याच्या पुड्या घेतात. तेवढा वेळ ही दोघं बसमध्ये बसायची. देझो पावावर डुकराची चरबी लावून वर कांदा पसरायचा आणि एक तुकडा तिला विचारायचा. ती नको म्हणायची. आज त्याने डबा उघडला आणि पावावरचा कांदा दोनदा सारखा केला. मग म्हणाला,

“पाव चालेल?”

“नको.”

“थंडी वाजतेय? म्हणजे... हीटर लावायचा?”

“राहू दे.”

“चहा आहे थर्मासात. घ्यायचा का?”

एतेल्काने त्याच्याकडे वळून पाहिलं. रोजचं ‘तुम्ही घेता का, हाल्मोशबाई’ गेलं होतं, आणि ‘तू घेतेस का’ म्हणायची त्याची छाती नव्हती. दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीवरून माणूस तोल सावरत चालला होता.

“हे काय तार केल्यासारखं बोलणं?” ती म्हणाली.

“बोलणं होतंय की.”

“कुणाचं?”

“आपलं. म्हणजे इथे. बसमध्ये.” त्याचे कान लाल झाले. कांदा पावावरून घसरून मांडीवर पडला, तो त्याने उचलून खाल्ला.

तिच्या मनात आलं, सांगून टाकावं: माफ करा, तोंडातून गेलं, ते तुमच्यासाठी नव्हतं. सरळ गोष्ट होती. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गुलाबी बाई सुक्या मिरच्यांची माळ गळ्यात घालून आली. राहिलं.

अंधारायच्या आधी बस धक्क्याला लागली. बोट लांबलचक, पांढरी, दिवे लावून उभी. पाहुणे एकेक करून फळीवरून आत गेले. गुलाबी बाईने एतेल्काला मिठी मारली, “मिस्टरांना नमस्कार सांगा हं!” एतेल्का म्हणाली, “सांगते.”

मग दोघं सवयीने पिरोश्काच्या टपरीशी. पिरोश्का म्हणजे धक्क्याचं वर्तमानपत्र. ती कढईत लांगोश, म्हणजे आमच्या जाड पुऱ्या, तळत होती, लसणाचा वास नदीपर्यंत.

“ये गं एतेल्का. देझो, काय देऊ?”

“मला कॉफी. आणि इकडे पण... एक द्यायची.”

“इकडे म्हणजे कुठे? भिंतीला?” पिरोश्काने झारा खाली ठेवला. “काय रे, असा कर्ता गिळून बोलतोयस. भांडलात का?”

“नाही,” देझो म्हणाला.

“मी बसमध्ये यांना तू म्हणाले,” एतेल्काने सांगितलं. “माइकवर.”

पिरोश्काच्या तोंडचा रंग पाहायला हवा होता. कुणीतरी सोडतीचं तिकीट फुकट हातात दिल्यासारखा. “माइकवर! आणि पेला कुठाय? पेल्याशिवायचा ‘तू’ म्हणजे उधारीचा ‘तू’, बाई. एक तर परत घे, नाहीतर पी!” बोलता बोलता तिने जर्दाळूची कडक दारू, पालिंका, काढलीसुद्धा.

“मला गाडी डेपोत न्यायचीय,” देझो कासावीस होऊन म्हणाला. “थेंब चालत नाही.”

“शेवटच्या दिवशी कोण फुंकायला लावणार तुला?”

“शेवटच्या दिवशीच लावतात.”

“मग काय, रासबेरीच्या सरबतावर पेर्तू? ते बालवाडीत घेतात!”

 देझोचे दोन्ही हात टपरीच्या फळीवर होते आणि तो त्यांच्याकडेच बघत होता. त्याला आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं. एतेल्काने ते पाहिलं. तिला दया आली का? नाही. प्रेमबीम तर नाहीच. एवढंच डोक्यात आलं, की आता मी ‘माफ करा’ म्हटलं तर हा म्हणेल ‘काही हरकत नाही, हाल्मोशबाई’, आणि उद्यापासून मला तू म्हणणारं पिरोश्का आणि बोरबालाबाई सोडून कुणी नाही.

“सरबत ओत त्यांना,” ती म्हणाली. “सोडा घालून. चला, पेर्तू घेऊ या.”

कोपरात कोपर अडकलं. देझोचा पेला लाल, हिचा पांढरा.

“देझो,” तो म्हणाला.

तिला क्षणभर आठवेना, आपण काय म्हणायचं असतं. बिल्ल्यावर पाहून उपयोग नव्हता.

“एतेल्का,” ती म्हणाली.

पालिंका पाण्यासारखी उतरली. जळलं नाही, चव नाही. गालाला गाल लागला, त्याचा खरखरीत होता. पिरोश्काने टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात लांगोश करपला म्हणून ती कढईकडे धावली.

“एक सांगते,” एतेल्का हळूच म्हणाली. “बसमधला तो ‘तू’ तुझ्यासाठी नव्हता.”

“ठाऊक आहे.”

“गेझाला होता.”

“ठाऊक आहे, हाल्मोशबा...”

“दंड!” कढईपाशी पाठ करून उभी असलेली पिरोश्का ओरडली. तिला पाठीनेही ऐकू येतं.

“ठाऊक आहे, एतेल्का,” देझो म्हणाला.

“पण परत घेत नाही.”

बोटीचा भोंगा झाला. फळी ओढली, दोर सुटले. वरच्या कठड्यावरून गुलाबी बाई दोन्ही हात हलवत होती. एतेल्काचा हात सवयीने वर गेला आणि हलला.

“सेगेदहून फोन केला तर?” देझोने विचारलं.

“कर. उचलीन की नाही, सांगत नाही.”

“चालेल.”

“आणि काय शिजवलंस ते विचारू नकोस. मी शिजवत नाही सध्या.”

“मग काय विचारू?”

तिने विचार केला. बोट पुलाखालून गेली तरी ती विचारच करत होती. मग म्हणाली, “विचार काहीतरी,” आणि छत्री काखेत मारून ट्रामच्या दिशेने चालायला लागली.

घरी जाऊन तिने खिडकी लावली का? मी बोरबालाबाईंना विचारलं. त्या म्हणतात, त्या संध्याकाळी वरून धाडकन आवाज आला खरा. पण खिडकीचा की दाराचा, हे त्यांना सांगता येत नाही. आणि त्यांना कमी ऐकू येतं.