अण्णांची क्लिप

महादेवपुऱ्यातल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमच्या मराठी मंडळाचा सिनेमा-कट्टा भरतो. मंडळी बहुतेक पुण्याकडची, आयटीतली. त्याच हॉलमध्ये शनिवारी सकाळी माझे वडील, अण्णा, या मंडळींच्या मुलांना मराठी शिकवायचे. आम्ही बसवनगुडीचे, जुन्या शहरातले, कित्येक पिढ्या इथलेच. अण्णा निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या मराठीत ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ असे कानडी शब्द सुखाने नांदायचे आणि त्यावरून पुणेकर आया नाकं मुरडायच्या, पण फुकट शिकवणारा दुसरा कुणी मिळत नव्हता. अण्णांचा मात्र त्या वर्गात जीव होता. आई गेल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालायचा तो आठवड्यातला एकच दिवस.

एका शनिवारी वर्गानंतर सिनेमा होता, म्हणून मीही गेले. जुना, काळापांढरा फ्रेंच सिनेमा, एका पाकीटमाराचा. संगीत जवळजवळ नाही, नटाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, कॅमेरा सारखा हातांवर. संपल्यावर रीतसर चर्चा झाली. कट्ट्याचे संयोजक म्हणजे कुठल्याशा कंपनीतले बडे साहेब. ते डोळे मिटून म्हणाले, “तो चोरी का करतो, हे विचारायचंच नाही. दॅट्स द ब्यूटी. कारण शोधायला गेलात की माणूस हरवतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या पत्नी तर रडल्या. अण्णा मागच्या रांगेत बसले होते, त्यांनाही सिनेमा आवडला होता. परतताना बसमध्ये म्हणाले, “किती एकटा आहे गं तो.”

पुढच्याच महिन्यात अण्णांनी आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात वेलदोड्यांचं पाकीट उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. दारावर गार्डने धरलं. मी ऑफिसातून धावतपळत पोचले तेव्हा ते मॅनेजरच्या खोलीत स्टुलावर बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मॅनेजर भला माणूस. “होगली बिडी, मेडम,” म्हणजे जाऊ द्या हो, असं म्हणून त्याने प्रकरण मिटवलं.

“का घेतलंत, अण्णा?” घरी आल्यावर मी विचारलं.

“कळलं नाही गं. हात गेला.”

खिशात पैसे होते. घरात वेलदोड्यांची बरणी भरलेली होती. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मला खरं तर आजार हवा होता, चारचौघांत सांगता येईल असा एखादा. डॉक्टरांनी उलटसुलट प्रश्न विचारले आणि म्हणाले, यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. मला त्यांचा इतका राग आला की फी देताना मी वर बघितलंसुद्धा नाही.

तोवर दुकानातल्या कुणीतरी कॅमेऱ्यातली क्लिप गल्लीच्या ग्रुपवर टाकली होती. तिथून ती कट्ट्याच्या मराठी ग्रुपवर आली, खाली ‘सावध राहा’ आणि हसरे चेहरे. आवाज नाही, रंग उडालेले. फळीपुढे एक म्हातारा उभा, चेहरा कोरा. मग हात पुढे जातो, मग खिशाकडे. हीच क्लिप कट्ट्यावर पडद्यावर लावली असती तर लोकांनी त्यावर तासभर चर्चा केली असती. इथे संयोजकांनी खाली लिहिलं होतं, ‘हे आपले सर तर नाहीत ना? शॉकिंग.’

अण्णाही त्या ग्रुपवर होते, रोज सकाळी सुविचार पाठवायचे. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून क्लिप पाहिली. म्हणाले, “मी पाठीत एवढा वाकलोय?”

शुक्रवारी संयोजकांचा फोन आला. मला, अण्णांना नव्हे.

“मॅडम, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. पण पेरेंट्स अनकम्फर्टेबल आहेत. मुलं आहेत ना. सरांनी थोडे दिवस रेस्ट घ्यावी. काही मेडिकल असेल तर सांगा, मी ग्रुपवर क्लॅरिफाय करतो.”

“मेडिकल काही नाही.”

“मग का केलं त्यांनी?”

“ते विचारायचं नसतं, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

ते हसले, दुखावल्यासारखे. “मॅडम, तो सिनेमा होता.”

खरंच आहे. चोर परदेशी असावा, तरुण असावा, दिसायला बरा असावा, खाली इंग्रजी अक्षरं धावत असावीत, म्हणजे त्याचं दुःख आपल्याला लगेच कळतं आणि वर समोसे-चहाही गोड लागतो. तो बसवनगुडीचा म्हातारा निघाला की आधी मुलं वाचवायची, वेलदोड्यांपासून.

मी अण्णांना फोनवरचं जसंच्या तसं सांगितलं. ते “सरी” म्हणाले आणि उठून गेले. शनिवारी मात्र शर्टाला इस्त्री करून तयार. वर्गाच्या कपाटात त्यांची गोष्टींची पुस्तकं होती, पेन्शनीतून घेतलेली, ती आणायची होती. मी सोबत गेले.

कपाटाची किल्ली संयोजकांच्या पत्नींकडे होती. त्या गोड बोलल्या, पाणी विचारलं, पुस्तकं काढून दिली. अण्णांनी ती पिशवीत भरली. आम्ही निघणार, इतक्यात त्या म्हणाल्या, “एक मिनिट हं, सर. मंडळाची काही चुकून आली असतील तर,” आणि पिशवीत वाकून एकेक पुस्तक बाजूला करून पाहू लागल्या. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. अण्णांनी मला नजरेनेच गप्प केलं आणि त्यांना नीट दिसावं म्हणून पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद करून धरलं. मंडळाचं एकही पुस्तक निघालं नाही. “सॉरी हं, सर,” त्या म्हणाल्या. “असू दे, अक्का,” अण्णा म्हणाले.

घरी आलो तेव्हा हवा गार झाली होती. मी स्वयंपाकघरात कॉफी ठेवत होते. अण्णा दाराजवळच्या खुंटीपाशी उभे होते, हात मागे बांधून.

“पुट्टी,” ते मला लहानपणीच्या हाकेने म्हणाले, “हा स्वेटर घेऊ का?”

स्वेटर त्यांचाच होता. मी ‘घ्या’ म्हणेपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही.