खेळातला नवरा

रुक्मिणबाई रिंगणात शिरताना पदर कमरेला खोचायच्या आणि पुरुषासारखं खाकरायच्या. समोरची बाई खरोखर मागे सरकायची. केजच्या आमच्या समुपदेशन केंद्रात, घरी मार खाणाऱ्या बायकांना उलटून उभं राहता यावं म्हणून आम्ही हा खेळ घेत असू. रुक्मिणबाईंची भूमिका कायमची ठरलेली: दारू प्यालेला नवरा. त्यांनी स्वतः वीस वर्षं मार खाल्ला होता. शिव्या कुणी लिहून द्याव्या लागल्या नाहीत.

नियम मात्र कडक. बांगड्या, पिना, मंगळसूत्र काढून डब्यात. "सौभाग्य डब्यात मोडत न्हाई, पन काच नरड्यात घुसती," म्हणायच्या. कोयता, लाटणं रिंगणाबाहेर. थांबायचं असेल तर 'नको', 'सोडा' नाही, 'कोथिंबीर' म्हणायचं.

"कावून?" एकीने विचारलं.

"नको म्हनल्यावर थांबनारा नवरा असता तर तू हितं कशाला आली असतीस, बाई?"

खेळ हाताबाहेर गेला तर थांबवायला रिंगणाबाहेर एक राखण करणारी उभी असे. ती मी.

घाटनांदूरच्या शिबिरात सविता नावाची ऊसतोड करणारी तरुण बाई खेळायला उठली. भुवईवर ताजे टाके. रुक्मिणबाई गरजल्या, "कुठं गेलतीस, गं? कुनाच्या फडात?" आणि तिचे केस धरले. सविताने दोन्ही हातांनी त्यांचा गळा आवळला, त्यांना खाली पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला.

"दाब अजून! मुडद्याला दाब!" बायका टाळ्या पिटू लागल्या.

मलाही वाटलं, काय सुरेख काम करतात रुक्मिणबाई. त्यांच्या टाचा फरशीवर आपटत होत्या, जीभ बाहेर आली होती आणि मी 'कोथिंबीर'ची वाट पाहत होते. आवळलेल्या गळ्यातून शब्द निघत नाही, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्यांचे डोळे पांढरे झाले तेव्हा मी धावले. चौघींनी सविताला ओढून काढलं. तिच्या नखांत रक्त होतं. "मी मावशीला न्हाई मारलं, त्याला मारलं," ती म्हणत राहिली. आता त्याच बायका ओरडू लागल्या, "हाकला हिला!"

रुक्मिणबाई रक्त थुंकल्या, पाणी प्यायल्या आणि घोगऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "हिला कावून हाकलायचं? हिनं हिचं काम केलं. तुमी नाटक बघत बसलात, ताई. मी मेले असते तर तुमीबी टाळी वाजवली असती व्हय?"



त्याच दिवशी नवा नियम झाला: शब्द निघाला नाही तर हाताने जमीन दोनदा थोपटायची. राखण माझ्याकडून काढून त्यांनी सविताला दिली. "खेळ खरा कवा होतो, ते हिला आतून कळतं."

पुढच्या उन्हाळ्यात रुक्मिणबाई हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या. नवऱ्याचं काम आता मी करते. मागच्या महिन्यात माजलगावला समोरची बाई मला उलट बोलली, खेळात बोलायचं तसंच, आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी हात उचलला. तो खेळातला नव्हता. खाली येऊ लागला तेव्हाच मला कळलं.

सविताने मनगट पकडलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "भाईर या."