सासूची किडनी

परक्याची किडनी शरीर का झिडकारतं, हे शोधण्यात डॉक्टरबाईंची उमेदीची वर्षं गेली. प्रयोगशाळेत त्यांचं औषध चाललं, पण माणसावर पहिल्यांदा करून बघायला कुणी धजेना. अखेर एक सासू आजारी सुनेला किडनी द्यायला पुढे आली.

"आमचं दोघींचं आजवर कशावरच पटलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या औषधानं किडनीचं तरी पटतंय का बघा."

पटलं. पुढच्या तपासणीला सून टवटवीत होऊन आली. "सासूबाई, आता तुमची किडनी माझ्याकडे नांदायला आहे. जरा जपून बोला!" सासू हसता हसता रडायलाच लागली.

पुढे त्या औषधानं कितीतरी जण वाचले. कुणी कौतुक केलं की डॉक्टरबाई म्हणत, "अहो, जिवावर उदार झाल्या त्या दोघी. त्यांचे उपकार मी विसरायची नाही."