नाव न सांगितलेली मुळी

वरवंडच्या म्हाळसामावशी गुडघेदुखीवर एक मुळी द्यायच्या. सहाणेवर उगाळून तिचा लेप लावायचा. पण मुळीचं नाव त्या कुणाला सांगत नसत. नाव उच्चारलं की औषधाचा गुण जातो, असं त्यांच्या सासूनं शिकवलेलं.

त्यांचा मुलगा शंभू रांजणगावला माझ्याबरोबर कंपनीत होता. उभं राहून राहून त्याचे गुडघे सुजले, तेव्हा मावशींनी त्यालाही मुळी दिली. आमच्या खोलीवर सहाण कुठली? पोटात घेतली तर लवकर बरं वाटेल म्हणून त्यानं ती ठेचून उकळली आणि तो काढा प्यायला. पहाटेपासून उलट्या थांबेनात.

दवाखान्यात डॉक्टर एकच विचारत होते, यानं काय घेतलंय? मी मावशींना फोन लावला.

"मुळी हाय, बाबा."

"नाव सांगा, मावशी."

"सांगितलं तर त्याला गुण यायचा न्हाई."

एसटीनं येऊन त्या खाटेशी बसल्या, तरी तोंड मिटलेलंच. मी ओरडलो, तरी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शंभू ओ देईनासा झाला, तेव्हा म्हणाल्या, "कळलावी."

"विष आहे ते," डॉक्टर म्हणाले. "काल सांगायचं होतं."

संध्याकाळी शंभू गेला.

मावशी अजून मुळी देतात. हातावर ठेवताना मोठ्यानं बजावतात, "ही कळलावी. पोटात गेली तर मानूस मरतं."

परवा एक म्हातारा कुरकुरला, नाव घेता म्हणून आता गुण येत नाही.

"नाव न घेता तरी शंभूला कुठं आला?" मावशी म्हणाल्या.