अंड्यांना हळद

"मॅडम, मंगलताईला घरी पाठवू का?" मी गाडीतून उतरतेय तोच संपतरावांनी विचारलं.

पिंपरी पेंढारजवळ त्यांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथं नाश्ता करून गेलेल्या तिघा पाहुण्यांना नारायणगावात सलाइन लावावं लागलं. शनिवारी नवीन ग्रुप यायचा होता. मी हॉटेलच्या किचनमध्ये फूड सेफ्टीचं ट्रेनिंग देते, म्हणून मला बोलावणं.

मंगलताई तिथल्या स्वयंपाकी. रडून डोळे लाल झालेले. "अंडी आपल्याच कोंबड्यांची व्हती. ऑम्लेट बी लई खरपूस केलं व्हतं."

"मग माझ्यासमोर एक करा."

त्याआधी मी पाण्यात कालवलेली हळद अंड्यांना फासली.

"अंड्यांचं लगीन हाये का मॅडम?" ताईंनी विचारलं.

ताज्या अंड्याच्या कवचावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पोट बिघडवणारे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हळद दिसते.

ताईंनी अंडी फोडली. हात खांद्यावरच्या नॅपकिनला पुसले. मीठ घेतलं, मिरचीसाठी फ्रिज उघडला. मध्येच फोन आला, तोही घेतला. शेवटी ऑम्लेटवर चिमूटभर कोथिंबीर पेरली.

मग आम्ही बघत राहिलो. फ्रिजचं हँडल पिवळं. मिठाचा डबा पिवळा. फोन पिवळा. कोथिंबिरीवरही पिवळे ठिपके.

"आता गं बया! मी तर हात पुसलं व्हतं."

"पुसले. धुतले नाहीत."

"धुवायचं कुठं?" ताईंनी थेट मालकांकडे बघितलं.

किचनमधला एकुलता एक नळ भांड्यांच्या ढिगाखाली. दुसरा गोठ्यापलीकडे, आणि साबण तिथंही नाही. पाहुण्यांच्या हॉलमध्ये मात्र आरशाचं चकाचक बेसिन!

"हे ध्यानातच आलं न्हाई राव," संपतराव पुटपुटले.

पाहुणे नेमके कशानं आजारी पडले, हे तपासणीशिवाय मी सांगू शकत नव्हते. पण जंतूंची वाट तरी सापडली होती.

दुसऱ्याच दिवशी ओट्याशेजारी बेसिन बसलं, साबण आला. कच्च्या अंड्यांना वेगळा कोपरा मिळाला. अंडी फोडली की आधी हात धुवायचे, मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. मंगलताईंची नोकरी टिकली.

ग्रुप येऊन गेल्यावर मी फोन केला.

"समदी ठणठणीत," ताई म्हणाल्या. "पण मालक आता अंडं नुसतं बघितलं तरी हात धुत्यात."

ऑम्लेट तव्यावर तापतं, त्यातले जंतू मरतात. वरची कोथिंबीर कच्चीच पोटात जाते. जंतूंना तेवढंही पुरतं.