वाईट बातमी घेऊन येणारे सुभेदार

सुभेदार हणमंतराव खुटवड यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडायला मीच गेले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पेठेतलं घर सोडून धायरीत फ्लॅट घेतला होता. तिथे नळ होते, पाणी नव्हतं. आमचे नवे नगरसेवक सैन्यातून आलेले आहेत असं कळलं, तशी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाले, "अहो, आपण सीमा सांभाळलीत, आता जरा आमच्या टाकीकडेही बघा." सुभेदार बुटांना पॉलिश करत होते. मान वर करून म्हणाले, "बाई, उद्या पानी येईल असं खोटं सांगनार न्हाई मी. परवा येईल." पाणी परवा आलं. पुढे मी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात बसायला लागले, ती आजतागायत.

आता सुभेदार पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरव समितीने त्यांच्या गौरव अंकासाठी हा लेख माझ्याकडे सोपवल्याचं कळताच ते स्वतः घरी आले. "लिवा काय लिवायचं ते. पन शेवटी ते शतायुषी व्हा बिव्हा नको. पोरगं गेल्यावर बापाला आयुष्य कशाला मागायचं?" त्यांचा एकुलता एक मुलगा संदीप काही वर्षांपूर्वी गेला. मी बरं म्हणाले खरी, पण तेव्हापासून पेन अडलं आहे. असल्या लेखाचा शेवट दुसरा कसा करतात, हे मला ठाऊक नाही.

त्यांच्या कामांबद्दल इतरांनी लिहिलंच असेल. जलवाहिनी आली, दवाखाना झाला. रस्ता रुंद करताना सगळ्यांत आधी सुभेदारांनी स्वतःच्या घराची पडवी पाडायला लावली. त्यावरून त्यांचे भाऊबंद अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत. मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका नियमाबद्दल. वॉर्डातल्या कोणाच्या मृत्यूची बातमी कार्यालयात आली, की ती फोनवरून कळवायची नाही. माणसाने जायचं. पायातलं काढून आत बसायचं, समोरच्याला बसवायचं आणि मग सरळ सांगायचं. 'जरा सीरियस आहे' वगैरे थापा मारायच्या नाहीत. आणि घरचे म्हणेपर्यंत उठायचं नाही.

हा नियम आला कुठून, असं मी एकदा विचारलं. नोकरीत असताना एका साथीदाराचं शव घेऊन त्यांना लोणी काळभोरला जावं लागलं होतं. घरी कोणीतरी फोनवर नुसतं 'जखमी आहे' एवढंच कळवलं होतं. सुभेदार पोहोचले तेव्हा त्या जवानाच्या आईने शेजारून गादी आणून पडवीत अंथरूण घातलं होतं, उशाशी पाण्याचा तांब्याही ठेवला होता. "ते अंथरून मीच गुंडाळलं, बाई," एवढं सांगून त्यांनी विषय बदलला.

संदीप खराडीला एका कंपनीत होता. काम करता करता टेबलावरच त्याचं हृदय थांबलं. कंपनीतल्या मुलांना सुभेदारांचा नंबर सापडेना, म्हणून त्यांनी कार्यालयात फोन केला. तो मी घेतला. सुभेदार तेव्हा ओढ्याच्या सफाईवर उभे होते. मी रिक्षा केली आणि पुढचा चिखल तुडवत गेले. त्यांनी मला लांबूनच पाहिलं. एरवी ओढ्याचं नाव काढलं तरी मी नाकाला पदर लावते, हे त्यांना माहीत होतं. हातातली काठी त्यांनी खाली ठेवली आणि मी जवळ जाईपर्यंत ते हलले नाहीत.

"कोन?" त्यांनी विचारलं.

"आधी बसा."

ते एका पाइपावर बसले. मीही बसले आणि त्यांनी शिकवलं होतं तसं सरळ सांगितलं. माझा आवाज फुटला, त्यांचा नाही. पाइपावरून उठत ते म्हणाले, "घरी मी सांगतो. तुमी फकस्त संगट या." घरी येऊन त्यांनी पाय धुतले. वहिनी, म्हणजे संदीपची आई, भाजी निवडत होत्या. सुभेदारांनी त्यांच्या हातातलं ताट काढून बाजूला ठेवलं आणि स्वतःच्याच घरात परक्यासारखे त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मी उंबऱ्यातून पुढे जाऊ शकले नाही.

लगेचच निवडणूक आली. कार्यकर्त्यांनी संदीपच्या फोटोचा फ्लेक्स करायचं ठरवलं. पोरांचं काही चुकलं असं नाही, राजकारणात हे सगळेच करतात. सुभेदार म्हणाले, "जित्ता असताना त्यानं कधी मतं मागितली न्हाईत. आता मागाया लावू नका." फ्लेक्स लागला नाही आणि सुभेदार थोडक्यात पडले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डात एक मृत्यू झाला. नगरसेवक आता दुसरे आहेत, हे त्या घरच्यांच्याही लक्षात आलं नसावं. सुभेदार नेहमीसारखे जाऊन बसले होते.

तेव्हा सुभेदार, मी शतायुषी लिहीत नाही, शब्द पाळते. दीर्घायुष्य तुम्हाला नकोच असेल तर ते तुमच्यासाठी मागतही नाही, आमच्यासाठी मागते. माझी लेकही रोज सकाळी खराडीला जाते. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरून कोणी ना कोणी असं बाहेर पडतं. कधीतरी आमच्याही दाराशी तशी बातमी येणार आहे. ती घेऊन आपणच यावं, पायातलं काढून आत बसावं आणि उठायची घाई करू नये. त्यासाठी गोळ्या वेळेवर घ्या, गुडघे सांभाळा, वहिनींचं ऐका. आपण नसाल, तर आम्हाला ती फोनवर कळेल.