ठिपकेदार की तिरंगी

उलव्यातल्या आमच्या सोसायटीत पक्ष्यांमधलं मला कळतं, असं सगळे मानत. सगळे म्हणजे मुख्यतः मी.

गेल्या वर्षी नवरात्राआधी मागच्या मोकळ्या जागेत छातीएवढं गवत वाढलं आणि त्यात चिमणीहून लहान अशा मुनिया पक्ष्यांनी घरटी केली. ती पाहिली तळमजल्यावरच्या ताईंनी. त्या इथल्याच जुन्या गावच्या. लहानपणी भातावरून हेच पक्षी हाकलत बसायच्या. त्यांनी लांबून काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, तिरंगी मुनिया, क्वचित दिसते. सेक्रेटरीने लगेच गवत कापणं थांबवलं. दरवर्षी त्या जागेत होणारा गरबा पार्किंगमध्ये करायचं ठरलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण पक्ष्याचं चुकीचं नाव वाचलं की मला राहवत नाही. मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं: तिरंगीचं डोकं काळंभोर, चोच निळसर, पोटावर काळा पट्टा. आपल्याकडची ठिपकेदार, हिच्या छातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. शेवटी ठळक अक्षरांत, 'अत्यंत सामान्य पक्षी.' भराभर अंगठे आले. सेक्रेटरीने जोडलेले हात पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापायचं मशीन आलं.

मी खाली पोचलो तोवर अर्धं गवत आडवं झालं होतं. ताई कडेला उभ्या होत्या, ओंजळीत एक पिल्लू. त्या भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त ओंजळ पुढे केली.

"तुमाला कळतं ना, काका? मग सांगा, हे कुठलं हाय?"

दोन्ही जातींची पिल्लं सारखीच दिसतात, साधी, मातकट. खवले नाहीत, काळं डोकं नाही. मला फार लाज वाटली.

उरलेल्या गवतात अजून दोन घरटी होती. मी सेक्रेटरीला गाठलं आणि सांगितलं, मशीन थांबवा, माझी चूक झाली, ती तिरंगीच आहे.

"नक्की ना, काका? काल तर चोचीसकट सगळं लिहिलंत."

"चष्म्याचा नंबर वाढलाय," मी म्हणालो.

त्या दोन घरट्यांतली पिल्लं दसऱ्याच्या आत उडाली. ओंजळीतलं त्याच दुपारी गेलं होतं. आता कुणाच्या खिडकीत कुठलाही पक्षी बसला की सोसायटी ताईंना विचारते, मला नाही.

परवा मागच्या गवतात ठिपकेदार मुनियांचा थवा उतरला. ताई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तिरंगी."

मी मान डोलावली.